आजीच्या पेटीतले दोन लाल

लासूर स्टेशनच्या घराची गेल्या दिवाळीपूर्वी झाडलोट करताना माळ्यावर आजीची फणेरपेटी सापडली. शिसवी लाकडाची, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, त्याचा पारा निम्मा उडालेला. आत एक लाकडी फणी, एक भोकाचा पैसा, मेणाची डबी आणि कुंकवाच्या दोन डब्या होत्या. डब्या उघडल्या आणि आम्ही चकित झालो, कारण दोन्ही जवळजवळ भरलेल्या होत्या. रोज वापरायची वस्तू इतकी शिल्लक कशी राहिली? उत्तर आत्याने दिले. आजोबा १९७२च्या दुष्काळात गेले. त्या दिवशी पेटी बंद झाली ती झालीच. आजी पुढे चोवीस वर्षे जगली, पण त्या झाकणाला तिने हात लावला नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाला ते उघडावेसे वाटले नाही.

पेटीतले साहित्य १९७२ सालचे किंवा त्याआधीचे आहे, एवढे यावरून निश्चित झाले. जुन्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्याला असा तारीख पक्की असलेला नमुना सहसा मिळत नाही. आम्हाला तो का मिळाला, याचा मात्र आनंद होण्यासारखे काही नव्हते.

लासूरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मूळ लासूर शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे. निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाड ते हैदराबाद अशी मीटरगेज रेल्वे सुरू झाली. रोटेगाव आणि दौलताबाद यांच्या दरम्यान जी स्थानके पडली त्यांतले एक लासूर, आणि स्थानकाभोवती अडत, वखारी, आठवड्याचा बाजार अशी एक वेगळीच वस्ती उभी राहिली. तेच लासूर स्टेशन. आजोबा तिथल्या एका अडतीत मुनीम होते. मनमाड म्हणजे ब्रिटिश हद्द, लासूर निजामाची. गाडी मात्र दोन्हीकडची. त्यामुळे मुंबईच्या बाजारातला माल या गावात पोचायला वेळ लागत नसे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून सांगून ठेवली.

मेणावरचे कुंकू

आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी मेणावर कुंकू लावताना पाहिले असेल. आधी डबीतल्या मेणावर बोट घासायचे. बोटाच्या उबेने मेणाचा पातळ थर सुटतो, तो कपाळावर गोल फिरवायचा. मग कोरडे कुंकू चिमटीत घेऊन त्यावर दाबायचे आणि बाजूला सांडलेले फडक्याने टिपून घ्यायचे. गोल नेमका यावा म्हणून आजी भोकाचा पैसा वापरी. ब्रिटिश सरकारने १९४३ ते १९४७ या काळात युद्धामुळे धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा काढला होता. तो कपाळावर धरला की भोकाच्या मापाचा गोल आयता मिळे. धातूच्या टंचाईने असा साचा घरोघरी पोचवावा, याची आम्हाला गंमत वाटते.

आत्याचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे. कुंकवाच्या छटांवर ती जे बोलते ते ऐकताना एखाद्या परीक्षकाचा शेरा ऐकतो आहोत असे वाटते. पिंजर वेगळी आणि कुंकू वेगळे, हे ती पहिल्यांदा बजावते. पिंजर केशरट, हलकी, देवाच्या पूजेला आणि सवाष्णींना बोटाने लावायला. कुंकू गडद. त्यातही डाळिंबी, किरमिजी, गुंजेसारखे आणि ‘विटकरी’ असे प्रकार. विटकरी घरचे, रोजचे. ते उठावदार नसे, पण दिवसभर एकाच रंगाचे राही. डाळिंबी सणाचे. पंढरपूरच्या वारीहून कोणी आले की पुडी आणत, नाहीतर बाजारात कासारणीकडे मिळे. ते कपाळावर ‘पेटल्यासारखे’ दिसे. त्याचा दोष एकच. घाम आला की गोलाच्या कडेला गुलाबी पाणी उतरे, आणि चोळीच्या बाहीला पुसले गेले की डाग धुतल्यावरही राही. आजीची आवड मात्र डाळिंबीच. विटकरी तिने कर्तव्य म्हणून लावले, असे आत्या म्हणते.

या दोन डब्यांतला फरक एवढ्याने आमच्या लक्षात आला, आणि घरात वाद सुरू झाला. आईचे म्हणणे असे की त्या काळी भेसळ नव्हती, दोन्ही कुंकवे हळदीचीच असणार. आम्ही म्हणालो, तपासून पाहू.

हळद लाल कशी होते?

इथे शिक्षकमित्रांशी एक जुना हिशेब मिटवायचा आहे. ‘हळदीत चुना मिसळला की कुंकू तयार होते’ हे वाक्य आपण वर्गात सर्रास सांगतो. प्रयोग सोपा आहे, रंग झटकन बदलतो, मुले खूश होतात. हळदीतला पिवळा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. तो १८१५ साली प्रथम वेगळा केला गेला आणि त्याची रचना १९१० साली ठरली. अल्कलीत त्याचा रंग तांबडा होतो, आम्लात पुन्हा पिवळा. आरतीच्या ताटात हळद-चुन्याचे लाल पाणी करतात ते याच गुणावर.

पण हे लाल टिकत नाही. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेतो, त्याचे कार्बोनेट होते, अल्कधर्म कमी होतो आणि लाली उतरत जाते. शिवाय अल्कलीत कर्क्युमिनचा रेणूच हळूहळू मोडतो. चुन्याने केलेली लाल पूड कागदावर पसरून ठेवा आणि रोज पाहा; दरदिवशी ती अधिक मळकट पिवळी दिसेल. असल्या पुडीवर कुणाचा व्यवसाय चालला नसता.

घरी कुंकू करणाऱ्या बायका हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकत, त्यात टाकणखार म्हणजेच सवागी आणि थोडी तुरटी घालत, काही दिवस मुरवत, सावलीत वाळवत आणि मग दळत. आता लिंबाचा रस आम्ल आहे. आम्लात हळद पिवळीच राहायला हवी! मग लाल कुठून येतो? तो येतो टाकणखारातल्या बोरॉनमधून. आम्लाच्या सान्निध्यात आणि वाळताना बोरॉन कर्क्युमिनच्या रेणूंना बांधून घेतो आणि एक नवे लाल संयुग तयार होते. रसायनशास्त्रात त्याला रोझोसायनिन म्हणतात. महाविद्यालयात क्षार ओळखण्याच्या प्रयोगात बोरेट तपासायला हळदीचा कागद वापरतात तो हाच. आम्ल घालून कागद वाळवला की तो तांबूस होतो, आणि त्यावर अल्कलीचा थेंब टाकला की हिरवट काळा. नुसत्या हळदीचा कागद अल्कलीने कधी हिरवट काळा होत नाही.

लिंबाच्या जागी चुना आला कसा? इंग्रजीत चुना आणि लिंबू या दोन्हींना ‘लाइम’ हा एकच शब्द आहे. कोणी तरी इंग्रजी वर्णन वाचून मराठीत आणताना घोटाळा केला असावा अशी आमची शंका आहे. पुरावा नाही, म्हणून शंकाच म्हणतो.

टाकणखार आपल्याकडचा नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. लडाखमधल्या पुगा खोऱ्यातून आणि तिबेटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठावरून तो हिमालयाच्या खिंडींतून मैदानात येत असे. संस्कृतातले टङ्कण आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडचे ‘टिंकल’ हे नाव एकाच कुळातले. सोनाराला डाग देताना तो लागे. म्हणजे मराठवाड्यातल्या एका कपाळावरचा गोल करायला वसमतकडची किंवा सांगलीची हळद, तिबेटचा खार आणि मोहोळाचे मेण एवढे लागे.

दोन डब्यांची परीक्षा

गावातल्या शाळेच्या विज्ञान-शिक्षकांनी प्रयोगशाळा उघडून दिली आणि नववीची मुले भोवती जमली. प्रत्येक डबीतून हरभऱ्याच्या दाण्याएवढी पूड घेतली. प्रत्येक प्रयोगाला तुलनेसाठी बाजूला नुसती हळद आणि हळद-चुना ठेवले.

पहिल्यांदा एका मुलीने सुचवल्याप्रमाणे आयोडीन टाकले. दोन्ही पुडी निळ्या-काळ्या झाल्या. ‘दोन्हींत पिठाची भेसळ!’ असा निकाल लगेच दिला गेला. मग आम्ही बाजूच्या नुसत्या हळदीवर आयोडीन टाकले. तीही काळी झाली. हळकुंडात मुळातच भरपूर स्टार्च असतो. तुलनेचा नमुना शेजारी नसता तर आम्ही सगळेच आत्मविश्वासाने चुकलो असतो.

दुसरी चाचणी सोड्याच्या द्रावणाची. विटकरी पुडीवर थेंब पडताच ती हिरवट काळी झाली. लिंबाचा रस घातलेल्या दुसऱ्या चिमटीचा लाल रंग उतरला नाही. म्हणजे हे हळद-टाकणखाराचे कुंकू, बंद डबीत अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकलेले. डाळिंबी पूड मात्र सोड्याने ढिम्म राहिली. टिपकागदावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला तर तिच्याभोवती गुलाबी वर्तुळ पसरले. घामाने कडेला उतरणारे गुलाबी पाणी, असे आत्या म्हणाली होती, ते हेच!

तिसरी चाचणी आम्हाला अनपेक्षित होती. डाळिंबी पूड स्पिरिटमध्ये ढवळून, गाळून, द्रावण पातळ करून उन्हात धरले. आरपार पाहिले तर गुलाबी. बाजूने पाहिले तर त्यात हिरवट पिवळी चमक तरंगत होती. ही प्रतिदीप्ती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर चमक विझली, सोडा घातल्यावर परत आली. मुलांनी तो खेळ पाच-सहा वेळा करायला लावला. आमच्या मनात तेव्हाच एक नाव आले होते, पण खात्रीसाठी गाळलेले द्रावण आम्ही आमच्या प्रयोगशाळेत नेले. वर्णपटमापकावर शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आले. जीवशास्त्राच्या विभागातून पेशी रंगवायच्या रंगाचा एक थेंब आणून पातळ थराच्या पट्टीवर दोन्ही शेजारी शेजारी चढवले. दोघे एकाच उंचीवर थांबले. तो रंग म्हणजे इओसिन.

वाचकांपैकी बहुतेक शिक्षकांचा इओसिनशी रोजचा संबंध आलेला आहे. उत्तरपत्रिका तपासायच्या लाल शाईत वर्षानुवर्षे हाच रंग असे.

इओसिनचा प्रवास

अडॉल्फ बायर या जर्मन रसायनज्ञाने १८७१ साली फ्लुओरेसीन हा चमकणारा पदार्थ तयार केला. १८७४ साली हाइनरिश कारोने त्यात ब्रोमीन घातले आणि पहाटेच्या आभाळासारखा लालसर गुलाबी रंग मिळवला. ग्रीकांच्या उषादेवीचे नाव इओस, म्हणून रंग इओसिन. कारखान्याने त्याची कृती गुप्त ठेवली होती, पण हॉफमन या रसायनज्ञाने नमुन्याचे पृथक्करण करून त्याचे घटक जाहीर करून टाकले. त्या काळी असे रंग डांबरातून काढलेल्या द्रव्यांपासून होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन रंगांच्या पुड्या मुंबईच्या बंदरात उतरू लागल्या होत्या. आधी मंजिष्ठ, मग नीळ, असे आपल्याकडचे एकेक वनस्पतिज रंग त्यांनी बाजारातून हटवले. रंगाऱ्याच्या दुकानातून ते कुंकवाच्या पुडीत पोचायला कितीसा वेळ लागणार? आणि कुंकवाची पुडी रेल्वेने लासूरला पोचायला?

म्हणून ‘त्या काळी भेसळ नव्हती’ हे आईचे म्हणणे आमच्याच घरात टिकले नाही. आजी जन्मली त्याच्या पन्नास वर्षे आधीपासून इओसिन जगात होते. ज्या लाल रंगावर तिचा जीव होता तो तिच्या परंपरेतला सर्वांत नवा रंग होता. जुने ते सगळे नैसर्गिक, असा आपला एक हळवा समज असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वस्तूंबद्दल तो गृहीत धरू नये, एवढे या डबीने आम्हाला शिकवले.

याच इओसिनने पश्चिमेत ओठांवर राज्य केले. त्याआधी ओठांसाठी मुख्यतः किरमिज वापरत, म्हणजे कॉचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल. आपल्या ‘किरमिजी’ या शब्दाच्या पोटातही कृमी आहे. किरमिज ओठांवर नुसता बसतो, पुसला की जातो. इओसिनचे आम्लरूप मात्र कातडीतल्या प्रथिनांना रंगवते. कांडीत ते केशरी दिसते आणि ओठांवर गेल्यावर काही क्षणांत गुलाबी लाल होते. ‘पुसली न जाणारी’ म्हणून ज्या लिपस्टिक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खपल्या त्यांचे रहस्य हे होते.

अडचण एकच. हे आम्लरूप मेणात किंवा साध्या तेलात विरघळत नाही. ते विरघळते एरंडेलात, कारण एरंडेलाच्या मेदाम्लाच्या साखळीवर इतर तेलांत नसलेला एक हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणून लिपस्टिकमध्ये मेणाखालोखाल एरंडेलाला महत्त्व आले. जगात एरंडी सर्वांत जास्त पिकते ती भारतात, त्यातही गुजरातेत. पॅरिसच्या ओठांना लागणारे तेल आपल्या शेताच्या बांधावर वाढते आणि आपण ते पोट साफ करायला घेतो.

हेझल बिशप या अमेरिकन रसायनज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात सुमारे तीनशे प्रयोग करून अधिक टिकाऊ लिपस्टिक बनवली आणि १९५० साली ती बाजारात आणली. तिला प्रचंड यश मिळाले. चारच वर्षांत भागधारकांच्या भांडणात कंपनी त्यांच्या हातून गेली. रसायन जमणे वेगळे आणि धंदा जमणे वेगळे.

आपल्याकडे १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे ही कंपनी सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर जाणारे परकीय चलन वाचावे अशी पंडित नेहरूंची इच्छा होती, असे सांगितले जाते. रोबेर पिगे आणि रनवार या फ्रेंच कंपन्यांचे साहाय्य होते. लॅक्मे हे दलीबच्या १८८३ सालच्या ऑपेराचे नाव, आणि ते लक्ष्मी या नावाचेच फ्रेंच रूप. म्हणजे लक्ष्मी फ्रान्सला जाऊन परत आली. सिमोन टाटा १९६१ पासून या कंपनीच्या कारभारात होत्या. १९९६ साली हिंदुस्थान लीव्हरशी भागीदारी झाली आणि १९९८ साली टाटांनी आपला वाटा विकला. साबण आणि खोबरेल करणाऱ्या कंपनीने हा उद्योग काढावा यात नवल नाही. तेल, चरबी आणि मेण यांचे शास्त्र तिला आधीच येत होते.

आईची लिपस्टिक

आई १९७४ साली लग्न होऊन लासूर स्टेशनला आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासूची पेटी बंद होती, त्यामुळे मेण लावायला तिला कोणी शिकवले नाही. काही वर्षांनी तिने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गुलमंडीवर एक लिपस्टिक घेतली. कोणत्या कंपनीची ते इथे महत्त्वाचे नाही, आणि नळीवरचे नाव आता पुसलेही गेले आहे. ओठांना लावून शाळेत जाण्याची सोय नव्हती. मुख्याध्यापकांनी काय म्हटले असते, आणि त्याआधी शेजारणींनी काय म्हटले असते! आईने ती कपाळाला लावली. करंगळीने गोल काढायची आणि वरून टाल्कमचे बोट हलकेच फिरवायची. त्या काळात अनेक घरांत असेच चाले.

विचार केला तर यात मोठे शहाणपण होते. आजीच्या पेटीत मेण एका डबीत आणि रंग दुसऱ्या डबीत. लिपस्टिक म्हणजे त्याच दोन डब्या एका नळीत. १९२३ साली अमेरिकेत फिरवून वर येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले गेले, एवढाच त्यातला यांत्रिक भाग. बाकी मेण, तेल आणि रंग.

आईचा शेरा असा. छटा ‘पिकलेल्या जांभळाच्या सालीखालची’. सकाळी साडेदहाला लावली की मधल्या सुट्टीपर्यंत उत्तम, पाचला कडा पसरलेल्या, पण खालचा डाग रात्री साबणाने धुवावा तेव्हा जाई. मे महिन्यात कांडी वाकायची, म्हणून ती माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवलेली असे. कारण उघड आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण एरंडेल मिसळले की ते त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. कांडी कडक ठेवायला ८२ ते ८६ अंशांना वितळणारे, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण घालतात. ते कमी असेल तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कांडीचा पाडाव ठरलेला. तीच छटा आईने तीनदा घेतली. चौथ्यांदा दुकानदार म्हणाला, बंद झाली. तशी कुठे मिळत नाही हे पटायला तिला वर्षभर लागले. मग तिने टिकलीचे पाकीट घेतले.

गोंदाची टिकली सोयीची. गोल नेमका, घामाने पसरत नाही, पाच सेकंदांत लागते. शाळेच्या गाडीमागे धावणाऱ्या बाईला आणखी काय हवे? आई तीच टिकली आरशावर चिकटवून पुन्हा पुन्हा वापरी. चार-पाच वर्षांनी टिकलीच्या जागी कपाळावर एक पांढरा ठिपका दिसू लागला, आकाराने नेमका टिकलीएवढा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. ‘कोड’ हा शब्द घरात कुजबुजत बोलला जाई. धाकट्या मावशीचे लग्न ठरायचे होते, म्हणून आईने वर्षभर माहेरच्या कार्याला जाणे टाळले.

ते कोड नव्हते. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल नावाचे संयुग असू शकते. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी टायरोसीन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनवतात. हे फिनॉल त्या पेशींना टायरोसीनसारखे भासते, त्या ते आत घेतात आणि मरतात. अशा पांढऱ्या डागांचा छडा जगात प्रथम लागला तो अमेरिकेतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात, १९३९ साली. कामगारांचे हात रबरी हातमोज्यांखाली पांढरे पडत होते. रबरात घातलेले तशाच जातीचे एक संयुग त्याला कारण निघाले. टिकलीमुळे येणाऱ्या डागांची नोंद भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वेळोवेळी केली आहे. टिकली वेळीच सोडली तर काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. आईचा आला नाही.

इथे आम्हाला मेणाच्या डबीची किंमत कळली. इओसिन निरुपद्रवी नाही. लिपस्टिकमुळे ओठ सोलवटण्याच्या कितीतरी तक्रारी त्याच्यामुळे होत्या, आणि म्हणूनच पुढे त्याचा वापर कमी झाला. ‘पुसली न जाणाऱ्या’ त्या छटा बाजारातून गेल्या त्या फॅशनमुळेच नव्हे. आजी हाच रंग सणासुदीला लावत होती, पण तो कातडीवर नव्हे, मेणावर. मेण पाण्याला आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगाला आत जाऊ देत नाही. गुलाबी पाणी कडेला उतरे ते त्यामुळेच. खाली जायला वाट नव्हती. आजीच्या कपाळाला शेवटपर्यंत कसलाही डाग नव्हता. एका कपाळावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. तरी आमचा तर्क असा की मेण हे नुसते चिकटवण्याचे साधन नव्हते. नकळत का होईना, ते एक संरक्षक अस्तर होते, आणि सोयीच्या मागे जाताना आपण पहिल्यांदा तेच काढून टाकले.

बाजारातल्या कुंकवाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवतो. प्रसाधनांचे नियम आपल्याकडे १९४०च्या औषधे व प्रसाधने कायद्याखाली येतात. कृत्रिम रंगात शिसे दशलक्षात २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. शेंदूर म्हणजे तर शिशाचेच ऑक्साइड. तो दगडाच्या देवाला सोसतो, लेकराच्या कपाळाला नव्हे. आठवडी बाजारातून आम्ही आणलेल्या एका लाल पुडीवर ‘फक्त पूजेसाठी’ असे बारीक अक्षरात छापलेले होते. विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, सगळ्या बायका लावतात.

नववीच्या मुलांनी पुढे स्वतः कुंकू केले. हळकुंडाचे तुकडे, लिंबाचा रस, टाकणखार. टाकणखार हाताळताना तोंडात जाऊ द्यायचा नाही एवढी ताकीद. चौथ्या दिवशी तुकडे आतपर्यंत लाल झाले. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव आजही कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही मुलांना नकाशावर ते दाखवले, तर एकाने लगेच विचारले, तिथे टाकणखार घालतात की रंग? सोड्याचा थेंब खिशात घेऊन जा आणि बघ, असे त्याला सांगितले.

वडील २०१५ साली गेले. तेव्हापासून आईचे कपाळ मोकळे होते, आणि तो पांढरा ठिपका अधिकच उठून दिसे. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ती बातमी आईने वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती, हे आम्हाला पेटीच्या निमित्ताने कळले. मुलांच्या कुंकवाची पुडी आम्ही घरी आणली तेव्हा तिने काही न बोलता आजीची मेणाची डबी मागितली. मेण चांगलेच होते, वर पांढरी धूळ धरली होती, ती फडक्याने पुसली की झाले. आत्याने तिला बोट कसे घासायचे ते दाखवले. भोकाचा पैसा नेमका त्या ठिपक्यावर बसला.

छटा विटकरी. सकाळी आठला लावले, दुपारी झोपून उठल्यावर होते तसेच. रात्री तोंड धुतल्यावर कडेला थोडे फिके, मध्ये पूर्ण. ‘डाळिंबी नाही,’ आत्या म्हणाली, ‘पण चालेल.’